अंधारखोलीतला वैशाख

मोबाइलच्या आधीच्या पिढीला एक वाक्य चांगले ओळखीचे आहे : 'रोल धुवायला टाकला आहे.' लग्न, मुंज, शाळेची सहल आटोपली की रोल स्टुडिओत जाई आणि चार दिवसांनी फोटो हाती येत. 'धुणे' हा शब्द मराठीने सहज उचलला. स्टुडिओच्या मागच्या खोलीत पाणी, ट्रे, चिमटे आणि दोरीवर वाळत घातलेल्या पट्ट्या असत. सारा थाट परटाघरचा. पण कपडा धुताना आपण त्यावरचे काहीतरी फक्त काढून टाकतो. फिल्म धुताना आधी काहीतरी घडवावे लागते आणि मग उरलेले काढावे लागते. या दोन कामांत पाण्याचे तापमान, पाण्यातले क्षार आणि आपला उतावळेपणा असे तिघे आडवे येतात. तिघांचीही गाठ आम्हांला एकाच रात्री पडली, म्हणून हा लेख.

चार फिल्मा आणि एक शाळा

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. वर्धा जिल्ह्यातील एका गावातल्या शाळेची जुनी मातीची इमारत उन्हाळ्याच्या सुट्टीत पाडायची ठरली होती. आम्हां दोघा-तिघा मित्रांकडे भात्याचा एक जुना कॅमेरा होता. त्यात ४ इंच × ५ इंच आकाराची सुटी फिल्म बसते. तिचे क्षेत्रफळ नेहमीच्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका चौकटीच्या सुमारे पंधरापट. साहजिकच भिंतीवरचा पोपडादेखील तीत स्पष्ट उमटतो. जुन्या साठ्यातल्या चार फिल्मा शिल्लक होत्या. पहिलीवर पाढे रंगवलेली भिंत घेतली, दुसरीवर घंटेजवळ उभे असलेले गुरुजी, तिसरीवर आतला वर्ग आणि चौथीवर मुख्य दरवाजा.

त्याच रात्री घरच्या न्हाणीघरात फिल्मा धुतल्या. सकाळी पाहिले तर पहिल्या फिल्मवरचा थर काठांवर सुटून लोंबत होता आणि मध्ये सुकलेल्या तळ्यासारख्या भेगा पडल्या होत्या. दुसरीवर गुरुजींच्या चेहऱ्यावर गोल पारदर्शक ठिपके आणि आभाळात पट्टे आले होते. तिसरी सरसकट काळी झाली होती. चौथी तेवढी ठीक होती, पण तिच्यावर पांढरी भुकटी बसली होती. पुन्हा फोटो काढायला आठवड्याने गेलो तेव्हा तिथे मातीचा ढिगारा होता.

आमची हळहळ कमी झाली ती नंतर, छायाचित्रणाचा इतिहास वाचताना. आम्ही एका रात्रीत केलेल्या चुका आमच्या आधी दीडशे वर्षे लोक करत आले होते, आणि प्रत्येक चुकीमागे रसायनशास्त्राचा एक धडा होता.

काच, ईथर आणि जिलेटिन

१८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज माणसाने ओल्या कलोडियनची पद्धत प्रसिद्ध केली. कलोडियन म्हणजे ईथर व अल्कोहोलमध्ये विरघळवलेले नायट्रोसेल्युलोज. त्याचा थर काचेवर द्यायचा, काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळण्यापूर्वी धुवायची. हे सारे दहा-पंधरा मिनिटांत उरकावे लागे. आपल्याकडच्या उन्हात ईथर भराभर उडून जाई आणि तेवढीही सवड मिळत नसे. छायाचित्रकाराला तंबू, काचा, बाटल्या आणि हमाल असा संसार पाठीशी घेऊनच फिरावे लागे.

तरीही ही विद्या आपल्याकडे लवकर पोहोचली. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड तिचे सभासद होते आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी उत्तम छायाचित्रकार म्हणून ओळखले जात. त्याच सुमारास एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्गही सुरू झाला. दोघेही भाऊ वैद्यकीच्या पेशातले होते, हे लक्षात घेण्याजोगे आहे. त्या काळी फोटो काढणे ही कलेइतकीच रसायनांची बाब होती.

पुढचे पाऊलही एका डॉक्टरनेच टाकले. ईथरच्या वाफांनी प्रकृती बिघडल्यामुळे रिचर्ड लीच मॅडॉक्स यांनी कलोडियनऐवजी दुसरे काही शोधायला सुरुवात केली. १८७१ मध्ये त्यांनी जिलेटिनमध्ये सिल्व्हर ब्रोमाइडचे कण मिसळून काचेवर सुकवले. ही कोरडी काच महिनोन्महिने टिकू शकत होती आणि फोटो काढल्यावर सवडीने घरी धुता येत होती. घरच्या घरी फिल्म धुण्याचा छंद शक्य झाला तो या शोधामुळे.

पण जिलेटिन म्हणजे हाडे व कातडी उकळून काढलेले प्रथिन. ते थंड पाण्यात फुगते आणि साधारण ३० अंश सेल्सिअसच्या पुढे मऊ होऊन वितळू लागते. लंडनच्या तळघरात १८ अंशांवर सुरळीत चालणारी कृती वर्ध्याच्या वैशाखात चालेना, याचे कारण एवढेच. पारा ४५ अंशांवर असताना गच्चीवरच्या टाकीचे पाणी ३५ अंशांच्या पुढे जाते. त्यात न कठीण केलेले जिलेटिन घालणे म्हणजे जेली ऊन वरणात टाकण्यासारखे आहे.

पहिली फिल्म : सुटलेले काठ

आमच्या पहिल्या फिल्मचे हेच झाले, पण त्यात आमची भर होती. डेव्हलपर ३४ अंशांवर असल्याचे पाहून आम्ही पुढच्या धुण्यासाठी बर्फाचे पाणी घेतले. ऊन डेव्हलपरमध्ये फुगलेले जिलेटिन एकदम गार पाण्यात आकसले. तळाच्या पातळ पत्र्याला मात्र आकसायचे नव्हते. त्या ओढाताणीत थराला सुरकुत्या व भेगा पडल्या. इथला धडा असा : सर्व द्रावणांचे आणि धुण्याच्या पाण्याचे तापमान सारखे ठेवणे हे ते कमी ठेवण्यापेक्षाही अधिक महत्त्वाचे. सगळे २७ अंशांवर असेल तर चालते. एक ३४ आणि दुसरे १० अंशांवर असेल तर चालत नाही.

उष्ण प्रदेशांसाठी रसायनतज्ज्ञांनी जुन्या काळीच दोन उपाय काढले होते. डेव्हलपरमध्ये लिटरला सुमारे ४५ ग्रॅम निर्जल सोडियम सल्फेट घातले तर बाहेरच्या द्रावणाची तीव्रता वाढते, जिलेटिनमध्ये पाणी कमी शिरते आणि ते कमी फुगते. मनुका साध्या पाण्यात टम्म फुगतो आणि दाट पाकात फुगत नाही, तेच तत्त्व. दुसरा उपाय क्रोम तुरटीचा. क्रोमियमचे आयन जिलेटिनच्या साखळ्या एकमेकींना बांधतात आणि थर घट्ट होतो. कातडे कमावण्यातही हेच रसायन घडते. आजच्या फिल्मांचा थर कारखान्यातच कठीण केलेला असतो, त्यामुळे क्रोम तुरटीची गरज सहसा पडत नाही. क्रोमियमचे सांडपाणी घातक असल्याने शाळेत ती वापरूही नये.

दुसरी फिल्म : घाई आणि बुडबुडे

डेव्हलपर म्हणजे सौम्य क्षपणक. १९२७ साली कोडॅक कंपनीने प्रसिद्ध केलेली 'डी-७६' ही कृती आजही जगभर वापरली जाते. एक लिटर पाण्यात मेटॉल २ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि टाकणखार, म्हणजे बोरॅक्स, २ ग्रॅम. प्रकाश पडलेल्या सिल्व्हर ब्रोमाइडच्या कणावर चांदीच्या मोजक्या अणूंचा पुंजका तयार झालेला असतो. त्याच्या आधाराने मेटॉल व हायड्रोक्विनोन सबंध कणाचे चांदीत क्षपण करतात. प्रकाश न पडलेल्या कणांचेही क्षपण होतेच, पण फार सावकाश. म्हणून फिल्म धुणे ही खरे तर वेळेची शर्यत आहे.

रासायनिक क्रियेचा वेग तापमानाबरोबर वाढतो, हे आपण वर्गात शिकवतो. या क्रियेचा वेग १० अंशांना साधारण अडीचपट होतो असे धरू. मग २० अंशांवर १० मिनिटांचे काम २४ अंशांवर सात मिनिटांच्या जरा आत होईल, २७ अंशांवर सव्वापाच मिनिटांत, ३० अंशांवर ४ मिनिटांत आणि ३४ अंशांवर पावणेतीन मिनिटांत. विद्यार्थ्यांना हा आलेख जरूर काढायला सांगावा. चार-पाच मिनिटांपेक्षा कमी वेळात फिल्मच्या सर्व भागांना सारखे द्रावण पोहोचत नाही. आमच्या दुसऱ्या फिल्मवरचे पट्टे त्यामुळे आले.

गोल पारदर्शक ठिपके म्हणजे हवेच्या बुडबुड्यांच्या खुणा. बुडबुडा चिकटलेल्या जागी डेव्हलपर पोहोचलाच नाही. उपाय अगदी सोपा आहे : फिल्म आधी एक-दोन मिनिटे त्याच तापमानाच्या साध्या पाण्यात भिजवावी आणि मग डेव्हलपरमध्ये घालून लगेच ट्रे हलवावा. हा एक मिनिट आम्ही वाचवला आणि गुरुजींचा चेहरा घालवला.

तिसरी फिल्म : लाल दिवा

सिनेमातल्या अंधारखोलीत लाल दिवा हमखास असतो. आमच्यातल्या एकाने तो मोठ्या हौसेने आणला होता. सुरुवातीच्या काचांना फक्त निळा प्रकाश जाणवत असे, त्यामुळे लाल दिव्यात त्या बिनधोक धुता येत. १८७३ मध्ये हर्मान फोगेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने दाखवले की योग्य रंगद्रव्य मिसळले तर थराला हिरवा प्रकाशही जाणवू लागतो. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी लाल रंगासह सर्व रंग जाणवणाऱ्या काचा बाजारात आल्या. आजच्या बहुतेक कृष्णधवल फिल्मा याच जातीच्या आहेत. लाल दिवा त्यांना उन्हासारखाच. त्या पूर्ण अंधारातच हाताळाव्या लागतात. म्हणूनच सुट्या फिल्मच्या एका कोपऱ्याला खाचा पाडलेल्या असतात. फिल्म उभी धरून खाचा वरच्या उजव्या कोपऱ्यात आल्या, की थराची बाजू आपल्याकडे आहे असे बोटांनीच समजते. सिनेमातला लाल दिवा खोटा नाही. तो फोटोचा कागद छापण्यासाठी असतो.

काळी पडलेली फिल्म पाहून दोष कुठला हे ओळखण्याची एक खूण आहे. फिल्मची कड धारकाच्या खाचेखाली झाकलेली असते, तिथे कॅमेऱ्यातला प्रकाश पोहोचत नाही. कड स्वच्छ आणि चित्र काळे असेल तर चूक फोटो घेताना झाली : प्रकाश जास्त दिला किंवा भात्याला भोक आहे. कडही काळी असेल तर चूक अंधारखोलीतली, किंवा फिल्मच फार जुनी. आमच्या फिल्मची कड काळी होती. दिवा आणणाऱ्या मित्राने यावर काही बोलायचे नाही असे ठरवले.

दादरचे घर आणि सेवाग्रामची कुटी

घरात फिल्म धुण्याचा आपल्याकडचा सर्वांत मोठा प्रयोग दादरला झाला. धुंडिराज गोविंद फाळके यांनी बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रण शिकून गोध्र्याला स्टुडिओ चालवला होता. १९१२ मध्ये ते लंडनहून विल्यमसन कंपनीचा चलच्चित्र कॅमेरा घेऊन आले. कच्ची फिल्म कडेला भोके न पाडलेली येई. अंधारात बसून ती भोके पाडण्याचे आणि रसायने मिसळण्याचे काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करत. शिवाय चित्रपटात काम करणाऱ्या मंडळींचा स्वयंपाकही त्याच बघत. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला, तो सुमारे ३७०० फूट लांबीचा होता. आमच्या चार फिल्मा मिळून दोन फूटही भरत नाहीत. मे महिन्यातल्या आमच्या फजितीनंतर सरस्वतीबाईंबद्दलचा आदर आमच्या मनात कितीतरी वाढला.

वर्धा जिल्ह्यातला प्रसंग वेगळ्या अडचणीचा आहे. गांधीजी १९३६ मध्ये सेगावला राहायला आले. १९४० मध्ये गावाचे नाव सेवाग्राम झाले. गांधीजींचे पुतणे नारणदास यांचे चिरंजीव कनु गांधी आश्रमात काम करत. त्यांना फोटो काढायचे होते. घनश्यामदास बिर्ला यांनी दिलेल्या १०० रुपयांतून त्यांनी रोलीफ्लेक्स कॅमेरा व रोल घेतला. गांधीजींनी तीन अटी घातल्या : झगझगीत दिवा वापरायचा नाही, मी फोटोसाठी बसणार नाही आणि आश्रम पैसे देणार नाही.

पहिल्या दोन अटी रसायनाच्या दृष्टीने फार कठीण आहेत. मातीच्या भिंतींच्या कुटीत खिडकीतून येईल तेवढाच उजेड, आणि समोरचा माणूस स्थिर नाही. फिल्मवर प्रकाश कमी पडणार हे ठरलेलेच. अशा वेळी फिल्म जास्त वेळ धुऊन भरपाई करावी असे वाटते. फर्डिनांड हर्टर आणि व्हेरो ड्रिफील्ड या दोघांनी १८९० मध्ये मोजमापे घेऊन दाखवले की जास्त धुण्याने उजळ व गडद भागांतला फरक वाढतो, पण जिथे प्रकाश पोहोचलाच नाही तिथे तपशील निर्माण होत नाही. यातूनच दोष ओळखण्याचा दुसरा नियम मिळतो. निगेटिव्हमध्ये सावलीचा भाग कोरा काचेसारखा असेल तर प्रकाश कमी पडला; सावलीत तपशील आहे पण उजळ भाग पुरेसा काळा झालेला नाही, तर धुणे कमी पडले. पहिल्यावर इलाज नाही. दुसऱ्या वेळी काय करायचे हे दुसऱ्यावरून कळते.

१९४६ मध्ये अमेरिकेच्या 'लाइफ' साप्ताहिकाच्या मार्गारेट बर्क-व्हाइट गांधीजींचा चरख्याजवळ फोटो घ्यायला आल्या. आधी सूत कातायला शिका, असे त्यांना सांगण्यात आले. झगझगीत प्रकाशाचे फक्त तीन बल्ब वापरायची परवानगी मिळाली. त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे की पहिला बल्ब उपकरणाच्या दोषाने वाया गेला. दुसरा बरोबर पेटला, पण फिल्मसमोरची सरकती पट्टी ओढायलाच त्या विसरल्या होत्या. तिसऱ्याने काम केले. मोठ्या फिल्मच्या कॅमेऱ्यात ही पट्टी हाताने काढावी व घालावी लागते. जगातल्या अव्वल छायाचित्रकाराला जे विसरायला झाले ते आपल्या विद्यार्थ्याला झाले, तर रागवू नये.

चौथी फिल्म आणि माठ

चौथ्या फिल्मवरची पांढरी भुकटी विहिरीच्या पाण्याची होती. बेसॉल्टच्या खडकातून येणाऱ्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार बरेच विरघळलेले असतात. अशा जड पाण्याचा डेव्हलपरमधल्या अल्कलीशी संबंध आला की कॅल्शियमचे कार्बोनेट व सल्फाइट साक्यासारखे खाली बसतात, आणि धुतलेली फिल्म वाळताना थेंबाबरोबर क्षार तिथेच राहतात. पाणी उकळून गाळले तर तात्पुरते जडत्व जाते. डेव्हलपर बनवण्यासाठी आणि शेवटच्या धुण्यासाठी बॅटरीचे शुद्ध पाणी किंवा पावसाचे गाळलेले पाणी उत्तम. फिल्मवर साका बसलाच असेल तर दोन टक्के ॲसिटिक आम्लात हलवून पुन्हा शुद्ध पाण्यात धुवावी. आम्ही तसेच केले आणि चौथी फिल्म स्वच्छ झाली.

हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, उरलेले सिल्व्हर ब्रोमाइड विरघळवते. थायोसल्फेटचा हा गुण जॉन हर्शेल यांनी १८१९ मध्येच नोंदवला होता. फिल्मचा दुधी रंग जायला जितका वेळ लागतो त्याच्या दुप्पट वेळ ती हायपोत ठेवावी. नंतर हायपो पूर्ण निघाला पाहिजे, नाहीतर काही वर्षांनी पिवळे डाग पडतात. त्यासाठी नळ तासभर वाहता ठेवायची गरज नाही. ट्रेमधले पाणी पाच-सहा वेळा पूर्ण बदलून प्रत्येक वेळी फिल्म चार-पाच मिनिटे हलवली तर पुरते. टंचाईच्या जिल्ह्यात हे सांगायलाच हवे.

राहिला तापमानाचा प्रश्न. पुढच्या वर्षी आम्ही बर्फाऐवजी माठ वापरला आणि एक गंमत कळली. मे महिन्यात हवा ४४ अंशांवर आणि सापेक्ष आर्द्रता १५ टक्के असताना ओल्या फुग्याच्या तापमापकाचा पारा सुमारे २३ अंश दाखवतो. माठातले पाणी त्याच्या दोन-तीन अंश वर, म्हणजे २६ अंशांपर्यंत उतरते. जुलैत हवा ३० अंशांवर, पण आर्द्रता ८५ टक्के. तेव्हा ओला फुगा २८ अंशांवरच थांबतो आणि माठ काहीच करू शकत नाही. म्हणजे अंधारखोलीसाठी भर वैशाख हा श्रावणापेक्षा सोयीचा! पावसाळ्यात फिल्म वाळायला वेळ लागतो आणि जिलेटिनवर बुरशी धरते, हे आणखी वेगळे. आता आम्ही सर्व द्रावणांच्या बाटल्या आणि धुण्याचे पाणी आदल्या रात्रीपासून माठाच्या पाण्याने भरलेल्या एकाच घमेल्यात ठेवतो. बाटल्या सावकाश सारख्या होतात आणि घड्याळ सव्वापाच-साडेपाच मिनिटांचे लागते.

२२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि हातांच्या उद्योगातून शिक्षण देणारी नयी तालीम तिथून पुढे आली. एक फिल्म धुताना क्षपण, क्रियेचा वेग, परासरण, पाण्याचे जडत्व आणि बाष्पीभवन असे पाच धडे हाताखालून जातात. क्ष-किरणांची फिल्म आणली तर मंद लाल दिव्यातही काम होते, कारण तिला लाल प्रकाश जाणवत नाही; मात्र तिच्यावर बहुधा दोन्ही बाजूंनी थर असतो, म्हणून ओरखडे जपावेत. हातमोजे घालावेत, कारण मेटॉलने काहींच्या त्वचेला खाज सुटते. वापरलेला हायपो मोरीत न ओतता साठवावा. त्यात चांदी आहे.

वाचलेली चौथी निगेटिव्ह आम्ही मोठी छापून नव्या शाळेला दिली. फोटोत फक्त एक दरवाजा आहे. पण फिल्म मोठी असल्यामुळे चौकटीवर खिळ्याने ओढलेल्या रेघा आणि त्यांच्यापुढची आद्याक्षरे वाचता येतात. दरवर्षी मुलांची उंची तिथे मोजत असत. छाप भिंतीला लावला त्या दिवशी गावातले एक आजोबा बराच वेळ त्याच्याजवळ उभे राहिले आणि त्यांनी खालून तिसऱ्या रेघेवर बोट ठेवले.